आमच्या लायब्ररीतली अमेरिकन प्रश्नमंजुषा: अर्जापासून खुर्च्या आवरेपर्यंत

२०२६ च्या ४ जुलैला अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला २५० वर्षं होतात. गावोगावी काही ना काही ठरतंय. दोन मैत्रिणींनी, एक टेक्सासमधली आणि एक इथलीच न्यू जर्सीतली, मला गेल्या महिन्यात एकच गोष्ट विचारली: तू गेल्या वर्षी लायब्ररीत ती ट्रिव्हिया नाइट घेतलीस, ती नेमकी जमवलीस कशी? फोनवर दोघींना तुकड्या-तुकड्यांत सांगितलं. कोणाला उपयोग झाला तर होईल, म्हणून आता सलग लिहून ठेवते. मी ना शिक्षिका, ना इतिहासाची अभ्यासक. नागरिकत्वाच्या परीक्षेपुरता इतिहास वाचायला घेतला आणि त्यातून बाहेरच पडता आलं नाही.

सुरुवात परीक्षेपासूनच झाली. मे २०२४ मध्ये मी नागरिकत्वाचा अर्ज ऑनलाइन भरला, फी ७१० डॉलर. तेव्हा शंभर प्रश्नांची यादी असायची, मुलाखतीत त्यातले दहा विचारत आणि सहा बरोबर आले की पास. (२० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी हे बदललंय. आता १२८ प्रश्नांची यादी आहे, त्यातले वीस विचारतात आणि बारा बरोबर यावे लागतात. जुन्या यादीवर विसंबू नका.) आमच्या लायब्ररीत या परीक्षेचा मोफत वर्ग चालतो. दर मंगळवारी संध्याकाळी तळमजल्यावरच्या खोलीत आम्ही बाराजण बसायचो: एक्वादोरचे दोघे भाऊ, फिलिपिन्सच्या नर्सबाई, दोन गुजराती जोडपी, मी आणि आणखी काही. शिकवायला स्वयंसेवक. त्यांच्यातले एक आजोबा सैन्यातून निवृत्त झालेले. यादीतल्या उत्तरावर ते कधी थांबायचे नाहीत. ‘झेंड्यावर तेरा पट्टे का?’ याचं उत्तर तेरा वसाहती, एवढं पुरतं. पण १७९५ ते १८१८ या काळात झेंड्यावर पंधरा पट्टे होते, पुढे राज्यं वाढत चालल्यावर पट्टे पुन्हा तेरावर आणले आणि वाढायचं काम ताऱ्यांकडे दिलं, हे ते सांगायचे. मी घरी येऊन मुलाला सांगायची. तो शाळेत जाऊन सांगायचा.

माझी मुलाखत ऑक्टोबरमध्ये झाली. पहिल्या सहा प्रश्नांची उत्तरं बरोबर आली आणि अधिकाऱ्यानं पुढचे विचारलेच नाहीत. १५ नोव्हेंबर २०२४ ला नेवार्कमध्ये शपथ झाली. बाहेर पडताना हातात कागदी पाकीट, छोटा झेंडा आणि पोटात एक पोकळी होती. साताऱ्याचा जुना पासपोर्ट आता रद्द करायला पाठवायचा होता. ते दुःख खरं होतं आणि आनंदही खरा होता. दोन्ही एकाच वेळी असू शकतात हे मला त्या दिवशी कळलं. जानेवारीत वर्गाचा निरोप घ्यायला गेले तेव्हा तिथल्या ग्रंथपाल बाईंनी विचारलं, की तुम्हाला या वर्गासाठी काही करावंसं वाटतं का? मी म्हटलं, यादीबाहेरचं जे जे आम्ही इथे शिकलो त्याची एक संध्याकाळ करूया. सगळ्या गावाला बोलावून.

उत्साहात मी १० फेब्रुवारीला लायब्ररीच्या सभागृहासाठी अर्ज भरला आणि इथेच पहिली चूक केली. अर्जात दोन वाटा असतात. एक, बाहेरच्या व्यक्तीनं किंवा संस्थेनं खोली घेणं. दोन, लायब्ररीचाच कार्यक्रम म्हणून प्रस्ताव देणं. मी पहिली वाट धरली. तीन आठवडे काही उत्तर नाही. ४ मार्चला फोन केला तेव्हा कळलं, की अर्जासोबत दहा लाख डॉलरच्या दायित्व विम्याचं (कार्यक्रमात कोणाला इजा किंवा नुकसान झालं तर भरपाई देणाऱ्या विम्याचं) प्रमाणपत्र लागतं, ते नाही म्हणून अर्ज तसाच पडून आहे. तसं कोणी कळवलं नव्हतं. एका संध्याकाळपुरता विमा मिळतो, मी चौकशी केली तर सव्वाशे डॉलरच्या आसपास भाव सांगितला. मी जवळजवळ भरणारच होते. त्याच ग्रंथपाल बाई म्हणाल्या, थांबा, हा आपल्या वर्गाशी जोडलेला कार्यक्रम आहे, प्रस्तावाच्या वाटेनं या. लायब्ररीचाच कार्यक्रम झाला की वेगळा विमा नाही, भाडं नाही, माइक आणि प्रोजेक्टर त्यांचा, जाहिरात त्यांच्या पत्रकात. फक्त उन्हाळ्याच्या पत्रकाची मुदत १ एप्रिल होती आणि त्यानंतर विश्वस्तांच्या मासिक बैठकीत कार्यक्रमांची यादी मंजूर व्हावी लागणार होती.

तेव्हा कुठेही असा कार्यक्रम करायचा असेल तर अर्ज उघडण्याआधी तिथल्या माणसाशी दहा मिनिटं बोला. आमचा प्रस्ताव दोन पानी होता: कोणासाठी, किती माणसं, किती वेळ, खाणं काय, बक्षीस काय, मुलांचे फोटो काढणार का. खोलीची क्षमता साठ, ती भिंतीवर अग्निशमन विभागाच्या पाटीवर लिहिलेली असते आणि तिच्यापुढे एकही खुर्ची वाढवता येत नाही. १६ एप्रिलच्या बैठकीत मंजुरी मिळाली. तारीख ठरली, गुरुवार २६ जून २०२५, संध्याकाळी साडेसहा ते सव्वाआठ. शाळा सुटलेल्या आणि ४ जुलैच्या सुट्टीसाठी लोक अजून गावाबाहेर पडलेले नाहीत, असा तो आठवडा.

बक्षिसासाठी मी सोडत काढायचं सुचवलं होतं, आपल्याकडे हळदीकुंकवाला किंवा गणपतीत काढतात तशी. दोन डॉलरचं तिकीट, पैसे वर्गाच्या पुस्तकांसाठी. ते लगेच खोडलं गेलं. न्यू जर्सीत चांगल्या कामासाठी पैसे घेऊन सोडत काढायची तरी राज्याकडे नोंदणी आणि गावाचा परवाना लागतो. ज्ञानावर चालणारी प्रश्नमंजुषा वेगळी, नशिबावर चालणारी सोडत वेगळी. आम्ही प्रवेश मोफत ठेवला आणि सोडत विसरून गेलो.

खरं काम होतं प्रश्नांचं. त्याला एप्रिल आणि मे हे दोन्ही महिने गेले.

आम्ही चौघं होतो: मी, ग्रंथपाल बाई, ते निवृत्त सैनिक आजोबा आणि माझी एक मैत्रीण, जी इथेच जन्मली आणि वाढली. पहिल्या बैठकीत माझ्याकडे सत्तर प्रश्न होते आणि पहिलाच वाद झाला. कार्यक्रमाचं नाव ‘देशभक्तीची प्रश्नसंध्या’ अशा धर्तीचं होतं. मैत्रिणीचं म्हणणं, वाढदिवसाच्या दिवशी जुनी दुखणी कशाला काढायची? गुलामगिरी, मतदानाचा हक्क नाकारणं हे सगळं लोकांना माहीत आहे, एक संध्याकाळ निखळ आनंदाची असू दे. तिचा मुद्दा मला कळत होता. पण मला पटत नव्हतं. मी या देशाची शपथ घेतली ती त्याच्या सगळ्या इतिहासासकट घेतली. १९२३ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंड यांना, जे पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते, नागरिकत्व नाकारलं. कारण ते भारतीय होते. १९४६ मध्ये कायदा बदलला, म्हणून आज मला अर्ज भरता आला. यातलं पहिलं वाक्य गाळून दुसऱ्याचा आनंद मी कशी साजरा करू? आजोबा बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, सैनिक आणि नवा नागरिक दोघंही राज्यघटनेच्या रक्षणाची शपथ घेतात, आणि ती घटना सत्तावीस वेळा दुरुस्त झाली आहे. तिथून आमचं जमलं. प्रत्येक फेरीत एक तरी प्रश्न असा असेल, की ज्यात देशानं आपली चूक केली किंवा सुधारली.

प्रश्न कसा लिहायचा हे मला मे महिन्यात, चुका करत करत कळलं. १८ मे, रविवारी आमच्या घरी चहा-पोह्यांवर तालीम घेतली, सहा मित्रमंडळी दोन गटांत. सत्तरपैकी पंचवीस प्रश्न होईपर्यंतच सव्वा तास गेला. प्रश्न वाचायला वीस सेकंद, विचाराला चाळीस, पुन्हा वाचायची विनंती, कोणीतरी पेन्सिल शोधणार. त्या संध्याकाळी आम्ही सत्तरचे बत्तीस केले: चार फेऱ्या, प्रत्येकीत आठ. हा आकडा बरोबर निघाला. दीड तासात याहून जास्त बसत नाहीत.

तालमीत दुसरीही गोष्ट दिसली. काही प्रश्नांवर गट गप्प बसायचा आणि काहींवर माणसं एकमेकांकडे झुकायची. ‘अलास्का कोणत्या वर्षी विकत घेतला?’ यावर शांतता. माहीत असेल तर १८६७, नाहीतर नाही. पण ‘यॉर्कटाउनला १७८१ मध्ये ज्या ब्रिटिश सेनापतीच्या फौजेनं शरणागती पत्करली, तो पाचच वर्षांनी दुसऱ्या कोणत्या देशात गव्हर्नर जनरल म्हणून गेला?’ यावर कुजबुज सुरू. कॅनडा असेल का? जमैका? कोणीतरी म्हणतं, अरे, तेव्हा इंग्रज आणखी कुठे कुठे होते? आणि मग कॉर्नवॉलिसचं नाव शाळेत ऐकलेला एखादा भारतीय ताडकन सरळ बसतो. त्याचा मृत्यूही भारतात झाला, १८०५ मध्ये, गाझीपूरला. आम्ही ठरवलं, की ज्याला उत्तर ठाऊक नाही त्यालाही बोलता-बोलता तिथवर जाता आलं पाहिजे. ही कसोटी लावली आणि निम्मे प्रश्न गळाले.

माझा सगळ्यात लाडका प्रश्नही गळाला. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये इथे आल्या तेव्हा न्यू जर्सीतल्याच रोझेल गावात, कार्पेंटरबाईंच्या घरी राहिल्या होत्या. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या. रोझेल आमच्या घरापासून अर्ध्या तासावर आहे. हा प्रश्न ठेवावा असं मला मनापासून वाटत होतं. पण ज्यानं आनंदीबाईंचं नाव ऐकलेलं नाही तो कितीही विचार केला तरी तिथे पोचणार नाही. काढला.

त्याच आठवड्यात बाबांशी बोलणं झालं. बाबा साताऱ्याला असतात, निवृत्त शिक्षक. मी प्रश्न सांगत होते, ते ऐकत होते. मधेच म्हणाले, ‘अगं, महात्मा फुल्यांचं विचार की. गुलामगिरी कोणाला अर्पण केलीय?’ मी क्षणभर गप्पच झाले. शाळेत वाचलं होतं आणि विसरले होते. १८७३ मध्ये फुल्यांनी ते पुस्तक अमेरिकेतल्या भल्या लोकांना अर्पण केलं, त्यांनी निग्रो गुलामगिरीविरुद्ध जो निःस्वार्थ त्याग केला त्याच्या गौरवासाठी, आणि आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा या इच्छेनं. अर्पणपत्रिका इंग्रजीत आहे. गुलामगिरी बंद करणारी अमेरिकेच्या घटनेतली तेरावी दुरुस्ती १८६५ ची, म्हणजे मधे फक्त आठ वर्षं. पुण्यात बसून एक माणूस इतक्या दूरवरची लढाई किती बारकाईनं पाहत होता! ‘बाबा, पण हे इथे कोणाला येणार?’ मी विचारलं. ते म्हणाले, ‘मग नाव विचारू नकोस. कशाबद्दल अर्पण केलं ते विचार. ते त्यांना येईलच.’ चाळीस वर्षं प्रश्नपत्रिका काढलेला माणूस. तो प्रश्न तसाच घेतला, शेवटच्या फेरीत, सगळ्यात शेवटी.

बाकीच्या तयारीतल्या काही गोष्टी, ज्या मला कोणी आधी सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं.

चित्रांच्या फेरीसाठी इंटरनेटवरून कुठलंही चित्र उचलू नका. लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि राष्ट्रीय अभिलेखागार यांच्या संग्रहात हक्कमुक्त छायाचित्रं भरपूर आहेत, प्रत्येकाच्या खाली हक्कांची नोंद असते ती वाचायची. आम्ही डोरोथिया लँग यांचं १९३६ मधलं स्थलांतरित आईचं छायाचित्र घेतलं आणि चंद्राच्या क्षितिजावर उगवणाऱ्या पृथ्वीचं, जे अपोलो ८ मधून २४ डिसेंबर १९६८ ला टिपलं गेलं. संगीताचंही तसंच. सार्वजनिक ठिकाणी गाणी वाजवायला परवाने लागतात, पण युनायटेड स्टेट्स मरीन बँडची स्वतःची ध्वनिमुद्रणं सरकारी काम म्हणून मोफत मिळतात. जॉन फिलिप सूझा यांचं संचलन-संगीत लोक आत येताना लावलं होतं.

मी तीन पाकिटं झेंड्याच्या चित्राचे कागदी नॅपकिन आणून ठेवले होते, तितक्याच बशा. आजोबांनी ते पाहिले आणि अगदी हळू आवाजात मला बाजूला बोलावलं. अमेरिकेच्या ध्वजसंहितेत स्पष्ट लिहिलंय, की वापरून फेकून द्यायच्या वस्तूंवर, अगदी कागदी नॅपकिनवरही, झेंडा छापू नये. शिक्षा काही नाही, दुकानांत ढिगानं मिळतात. पण संहितेत आहे. मला खूप वाईट वाटलं, कारण झेंड्याचा मान ही गोष्ट आपण लहानपणापासून शिकलेलो असतो आणि इथे मीच तो केचपसाठी आणून ठेवला होता. सगळी पाकिटं परत केली, साधे लाल, पांढरे आणि निळे आणले. खोलीतला झेंडा कुठे उभा करायचा तेही त्यांनीच दाखवलं: बोलणाऱ्याच्या उजव्या हाताला, म्हणजे समोर बसलेल्यांच्या डावीकडे.

सुरुवातीला झेंड्यासमोरची प्रतिज्ञा म्हणायची का, यावरही चर्चा झाली. म्हणायची, पण कोणावर सक्ती नाही, असं ठरलं. १९४३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शाळेतल्या मुलांना झेंड्याला वंदन करायची सक्ती करता येणार नाही असा निकाल दिला. महायुद्ध ऐन भरात असताना. तो दिवस १४ जून, इथला ध्वजदिन. हाच आम्ही दुसऱ्या फेरीतला एक प्रश्न केला.

खर्च सांगते. एकूण १४९ डॉलर झाले. त्यात ८३ खाण्यापिण्याचे. लायब्ररीत घरचं शिजवलेलं चालत नाही, सगळं बंद पाकिटातलं लागतं आणि साहित्याची यादी छापलेली असावी लागते, कारण शेंगदाण्याची ॲलर्जी असणारे असतात. उत्तरपत्रिका छापायला साठ पानांचे ९, पेन्सिली आणि कच्च्या कामाचे कागद ११, नॅपकिन-बशा १४, जिंकणाऱ्यांसाठी लायब्ररीच्याच जुन्या पुस्तकांच्या कपाटातली पुस्तकं १२. उरलेले २० डॉलर मी नाण्यांवर घातले आणि तो खर्च मला सगळ्यात प्रिय आहे. १९९९ मध्ये न्यू जर्सीचं पाव डॉलरचं नाणं निघालं, त्यावर वॉशिंग्टन आपल्या सैनिकांसह डेलावेअर नदी ओलांडतोय. चाळीस नाण्यांची गुंडाळी नाण्यांच्या दुकानात मिळाली. लायब्ररीनं ७५ डॉलर परत दिले, पण त्यासाठी मूळ पावत्या लागतात. सामानावर लागलेला विक्रीकर परत मिळाला नाही, कारण मी माझ्या कार्डावर खरेदी केली. लायब्ररीचं करमाफीचं पत्र आधी मागून न्या.

गुण मोजायला दोन शाळकरी मुलं मिळाली. त्यांना शाळेसाठी स्वयंसेवेचे तास हवे असतात, फॉर्मवर तुमची सही लागते. दोघांनी काम अप्रतिम केलं.

२६ जूनला अडतीस जणांनी नाव नोंदवलं होतं, आले सत्तेचाळीस. मी साडेपाचलाच पोचले होते, तळहात ओले. नाणी चाळीसच, माणसं जास्त, हे मनात घोळत होतं. (शेवटी नवऱ्यानं खिशातली आणि गाडीतली चिल्लर शोधली, न्यू जर्सीची दोन निघाली, बाकीच्या पाच जणांना दुसऱ्या राज्यांची दिली.) बसण्यासाठी आम्ही दारात रंगीत चिठ्ठ्या ठेवल्या होत्या, ज्या रंगाची चिठ्ठी त्या टेबलावर. घरच्यांना वेगळं बसवल्याबद्दल सुरुवातीला थोडी नाराजी दिसली. पण त्यामुळेच एका टेबलावर निवृत्त अग्निशमन कर्मचारी, आमच्या वर्गातल्या नर्सबाई, नववीतली मुलगी आणि नुकतेच आलेले एक पंजाबी काका एकत्र आले. सगळ्या अकरा टेबलांवर अशीच सरमिसळ होती.

पहिली फेरी नागरिकत्वाच्या यादीतली. इथे वर्गातले लोक चमकले. सिनेटर सहा वर्षांसाठी, प्रतिनिधी दोन वर्षांसाठी, सर्वोच्च न्यायालयात नऊ न्यायाधीश, हे इथे जन्मलेल्यांना आठवावं लागत होतं आणि आमच्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी येत होतं. एक्वादोरचा धाकटा भाऊ, जो वर्गात वर मान करून बोलायचा नाही, तो टेबलावर बोटानं मोजून सांगत होता आणि बाकीचे लिहून घेत होते.

दुसरी फेरी स्वातंत्र्ययुद्धाची, आणि तिथे माझा प्रश्न फसला. मी विचारलं होतं: वॉशिंग्टन शहर होण्यापूर्वी देशाची राजधानी कुठे होती? माझ्या कागदावर फिलाडेल्फिया. उत्तरं आली फिलाडेल्फिया, न्यू यॉर्क, प्रिन्स्टन आणि ट्रेंटन. एक निवृत्त इतिहास-शिक्षिका उभ्या राहिल्या. १७८३ च्या जूनमध्ये पगार न मिळालेल्या सैनिकांनी फिलाडेल्फियात काँग्रेसच्या, म्हणजे तेव्हाच्या संसदेच्या, इमारतीला घेराव घातला, तेव्हा काँग्रेस प्रिन्स्टनला आली आणि तिथल्या कॉलेजच्या नासाऊ हॉलमध्ये चार महिने भरली. पुढच्या वर्षी काही आठवडे ट्रेंटनला होती. घटनेनुसार राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टनची पहिली शपथ न्यू यॉर्कला झाली. म्हणजे चारही बरोबर. माझे कान तापले. मी चारही उत्तरांना गुण दिले आणि बाईंना विनंती केली, की प्रिन्स्टनची गोष्ट माइकवर सांगा. सात मिनिटं गेली, पण खोलीतल्या कोणीही घड्याळाकडे पाहिलं नाही. हा प्रश्न तुम्ही घेणार असाल तर असा घ्या: १८०० मध्ये राजधानी वॉशिंग्टनला गेली, त्याआधीची दहा वर्षं ती कुठे होती? साल घातलं की वाद मिटतो. ‘पहिला’, ‘सगळ्यात मोठा’ आणि ‘पूर्वी’ हे शब्द प्रश्नात दिसले की थांबा आणि तपासा. मिसिसिपी सगळ्यात लांब नदी असं सगळ्यांना वाटतं, मिसुरी तिच्याहून लांब आहे.

त्याच फेरीत जुलैच्या तारखांचा प्रश्न होता. स्वातंत्र्याच्या ठरावावर मतदान २ जुलैला झालं, जाहीरनाम्याचा मजकूर ४ जुलैला मंजूर झाला आणि बहुतेकांच्या सह्या झाल्या २ ऑगस्टला. पुढे दुसरे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन ॲडम्सनी तर बायकोला लिहिलं होतं, की पुढच्या पिढ्या २ जुलै साजरा करतील. अकरापैकी तीन टेबलांना तिन्ही तारखा आल्या.

तिसऱ्या फेरीत संस्कृती, आणि खोली सैल झाली. बास्केटबॉल, निळ्या जीन्सचं १८७३ चं पेटंट, जॅझ संगीतकार काउंट बेसी न्यू जर्सीच्या रेड बँकचे. लागवडीची पहिली ब्लूबेरी याच राज्यातल्या व्हाइट्सबॉगला पिकली, १९१६ मध्ये बाजारात आली, हे ऐकून नर्सबाई म्हणाल्या, मी आठ वर्षं तिथून चाळीस मिनिटांवर राहते. पण याच फेरीतला आमचा तो ‘एक’ प्रश्न होता: न्यू जर्सीत बायका पहिल्यांदा मतदान कधी करू लागल्या? सगळ्यांनी १९२० लिहिलं. १७७६ च्या राज्याच्या घटनेत पन्नास पौंडांची मालमत्ता असलेले ‘सर्व रहिवासी’ असा शब्द होता, त्यामुळे मालमत्ता असलेल्या अविवाहित आणि विधवा स्त्रिया इथे मत देत होत्या. काही स्वतंत्र कृष्णवर्णीयही देत होते. १८०७ मध्ये दोघांचाही हक्क काढून घेतला. मी उत्तर वाचलं आणि खोली शांत झाली. गुण लिहिणारी मुलगी, वय चौदा-पंधरा, माइक नसताना मोठ्यानं म्हणाली, ‘दिलेला परत घेतला?’ माझ्या मैत्रिणीनं, जिनं पहिल्या बैठकीत विरोध केला होता, तिनंच उठून त्या मुलीला उत्तर दिलं. तेव्हाचं पक्षांचं राजकारण, निवडणुकीतल्या गैरप्रकारांचा आरोप बायकांवर ढकलणं, मग पुढची ११३ वर्षं. तिनं ते सगळं वाचून ठेवलं होतं, मला माहीतही नव्हतं.

शेवटच्या फेरीत वेळ कमी उरला. आठपैकी दोन प्रश्न मी गाळले. लायब्ररीला पावणेनऊला दारं लावायची असतात आणि तोवर खोली रिकामी हवी असते. पण बाबांचा प्रश्न ठेवला. १८७३ मध्ये भारतात, तिथल्या जातिव्यवस्थेविरुद्ध लिहिलेलं एक पुस्तक लेखकानं अमेरिकेतल्या भल्या लोकांना अर्पण केलं. त्यांच्या कोणत्या कामाबद्दल? अकरापैकी नऊ टेबलांनी बरोबर लिहिलं. मी उत्तर सांगताना अर्पणपत्रिकेचा आशय वाचला. वाचता वाचता माझा आवाज भरून आला, थांबावं लागलं. साताऱ्यात तेव्हा पहाट होती. बाबा जागे नसणार हे माहीत असूनही मी फोनकडे पाहिलं.

जिंकलं ते पंजाबी काकांचं टेबल, तेवीस गुण मिळवून. नाणी वाटली, फोटो काढले, म्हणजे ज्यांनी दारातल्या पाटीखाली संमती दिली होती त्यांचेच. मग आम्ही चौघं आणि ती दोन मुलं खुर्च्या रचायला लागलो. दहा-दहाची चवड, भिंतीपासून एक फूट दूर, असा नियम लावलेला आहे.

आजोबा खुर्च्या रचता रचता थांबले. उरलेल्या उत्तरपत्रिकेची कोरी बाजू माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, त्या लेखकाचं नाव नीट लिहून द्या, एकेक अक्षर सुटं. मी लिहिलं. त्यांना ते पुस्तक इंग्रजीतून वाचायचं होतं. आमच्या लायब्ररीत नव्हतं. ग्रंथपाल बाईंनी संगणक बंद करायच्या आधी दुसऱ्या लायब्ररीतून मागवायचा फॉर्म काढून दिला. आजोबांनी चष्मा लावला, काउंटरवर कोपर टेकलं आणि माझ्या कागदावरून पाहत, सावकाश, मोठ्या अक्षरांत नाव उतरवून घेतलं. सही केली. तारीख घातली.